शिंपीदादा आणि पोकळ डबा

शिंपीदादांकडे मी पहिल्यांदा गेलो ते खोटं काम करून घ्यायला, हे आधीच सांगून टाकतो. उगाच कुणी मला साळसूद समजायला नको.

शिंपीदादा म्हणजे शिंपी नव्हेत. ते वेल्डर आहेत, गाड्यांच्या सायलेन्सरचं काम करतात. त्यांचा जोड इतका बारीक आणि सरळ पडतो की पत्रा सुईदोऱ्यानं शिवल्यासारखा वाटतो, म्हणून गाडीवाल्यांनी त्यांना हे नाव पाडलं. खरं नाव विचारलं तर आता त्यांनाच क्षणभर आठवावं लागतं. त्यांच्या वर्कशॉपच्या गल्लीत नवीन राहायला आलेली एक बाई नाव ऐकून एकदा नवऱ्याच्या तीन पँटी घेऊन आली, कंबर ढिली करायला. दादांनी निमूटपणे मापं विचारून घेतली, पँटी घरी नेऊन बायकोकडून करवून घेतल्या आणि चौथ्या दिवशी इस्त्रीसकट परत दिल्या. आलेल्या माणसाला नाही म्हणायचं नाही, ही त्यांची सवय. पँटींपुरती ती सवय ठीक होती. बाकीच्या बाबतीत तिनं काय घोळ घातला ते पुढं येईलच.

माणूस उंच, काटकुळा. भुवया वेल्डिंगच्या ठिणग्यांनी जळून जळून विरळ झालेल्या, त्यामुळं चेहरा कायम थोडा आश्चर्य वाटल्यासारखा दिसतो. बोलणं कमी. मी मात्र बोलणारा आणि तापट. बायको म्हणते, तुमच्या डोक्यावर भांडं ठेवलं तर गॅस वाचेल.

मी व्हॅन चालवतो. आठवड्यातून तीन दिवस, सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, सात माणसांना घरून उचलून डायलिसिसच्या केंद्रावर न्यायचं, चार तास त्यांचं रक्त मशीनमधून साफ होऊन आलं की परत घरी सोडायचं. सातातली एक माझी आत्या. आई गेली तेव्हा मी पोरगेलासा होतो, तिथून पुढं मला आत्यानं वाढवलं, म्हणजे जेवू घातलं, अभ्यासाला बसवलं आणि गरज पडेल तेव्हा बदडलं. ती आमच्याकडेच असते, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. मी तिला पाठीवर घेऊन उतरतो आणि ती प्रत्येक मजल्यावर मला सूचना देत असते, हळू, भिंतीला घासू नकोस, मागच्या वेळी पायरी चुकलास. बाकीच्या सहांपैकी दोघांनाही असंच उचलून आणावं लागतं. म्हणजे माझं काम नुसतं स्टिअरिंग फिरवायचं नाही, हे लक्षात ठेवा.

व्हॅन जुनी, डिझेलची, चार वर्षांपूर्वी एका दुकानदाराकडून घेतलेली. इंजिन चांगलं, पण धूर सोडायची. दारापुढं उभी करून एखाद्याला आणायला गेलं की मागं काळा वास पसरायचा आणि आत्या खोकायला लागायची. म्हणून मी प्रत्येक दाराशी इंजिन बंद करायचो. सात दारं जाताना, सात येताना. आत्या रोज म्हणायची, माझ्या खोकल्यापायी तुला सारखं चालू-बंद करावं लागतं रे. मी म्हणायचो, गप बस.

मग तपासणीचे नियम बदलले. पूर्वी काय असायचं, गाडीचा ॲक्सिलरेटर दाबायचा, धुराकडं बघायचं, कागदावर शिक्का. आता नवीन यंत्र आलं. त्याची नळी सायलेन्सरमध्ये घालतात आणि ते धुरातले बारीक कण मोजतं, डोळ्याला न दिसणारेसुद्धा. तपासणी केंद्रावर एक ठेंगण्या बाई होत्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी आधी पांढऱ्या फडक्यानं पाइप आतून पुसला. फडकं काळं कुळकुळीत. मग यंत्र लावलं. आकडा इतका वर गेला की मला वाटलं यंत्रच बिघडलं.

बाई म्हणाल्या, गाडीच्या पोटाखाली काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याचा डबा जागेवर आहे, पण आत काही नाही. कुणीतरी डबा कापून आतली जाळी काढून टाकली आहे आणि वरून परत जोडलं आहे. मी आवाज चढवला. गाडी मी असली घेतलेली नाही, चार वर्षं काही झालं नाही, आजच कसं झालं, तुमचं यंत्र तपासा. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि नापास झाल्याचा कागद पुढं केला. पुढच्या गुरुवारपर्यंत मुदत. तोवर दुरुस्त करून आणा, नाहीतर गाडी रस्त्यावर आणायची नाही.

डायलिसिस केंद्राचा नियम असा की तपासणीचा दाखला नाही तर ती गाडी नाही. माझ्या जागी ते ज्या कंपनीची गाडी लावणार होते, ती मुख्य रस्त्यावर उभी राहते आणि तिचा ड्रायव्हर सीटवरून हलत नाही. त्या दोघांना जिन्यावरून खाली कोण आणणार होतं? आणि मी पोटासाठी दुसरीकडं कामाला लागलो तर आत्याला तरी कोण आणणार होतं? मशीनची एखादी पाळी चुकली तर अंगात पाणी साठतं आणि माणूस श्वासाला महाग होतो. हे मला कुणी पुस्तकातून सांगायची गरज नाही, मी ते पाठीमागच्या सीटवर पाहिलं आहे. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

नवीन फिल्टरची किंमत ऐकूनच मी दुकानातून बाहेर आलो. मग माझ्या ओळखीच्या एका टेंपोवाल्यानं युक्ती सांगितली. म्हणाला, नवीन घ्यायचा कशाला? चांगला फिल्टर एका दिवसापुरता भाड्यानं मिळतो. तपासणीच्या सकाळी बसवायचा, पास व्हायचं, संध्याकाळी काढून परत द्यायचा. अर्धं गाव हेच करतं. फक्त बसवणारा हात चांगला पाहिजे, बाईंची नजर फार वाईट आहे. शिंपीदादांकडं जा, ते ह्या कामातले उस्ताद.

म्हणून मी गेलो.

दादांचं वर्कशॉप म्हणजे एक लांबट शेड, दोन गाड्या मागेपुढे उभ्या राहतील एवढी. भिंतीवर वाकवलेले पाइप मापाप्रमाणे टांगलेले, टेबलावर एक जुना लॅपटॉप, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवलेली. मी भाड्याच्या फिल्टरचं बोललो तर दादा म्हणाले, ते काम आता करत नाही. आलेल्या माणसाला नाही न म्हणणारे दादा मला नाही म्हणाले! मी आधी विनवलं, मग भडकलो. सात माणसांचं सांगितलं, आत्याचं सांगितलं, चौथा मजला सांगितला. त्यांना काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, बघतो तरी, आणि बॅटरी घेऊन गाडीखाली सरकले.

बराच वेळ नुसते त्यांचे पाय दिसत होते. काही ठोकल्याचा आवाज नाही, काही नाही. मला वाटलं डोळा लागला की काय. मग ते बाहेर आले, हात पुसले, परत पुसले.

"हा टाका माझा आहे," ते म्हणाले. "ही जाळी मीच काढली आहे. पाचेक वर्षं झाली असतील. गाडी तेव्हा निळी होती."

गाडी निळीच होती. मी घेतल्यावर पांढरी केली.

त्यानंतर मी जे बोललो ते इथं लिहीत नाही. शेजारच्या पंक्चरवाल्यानं काम थांबवून ऐकलं, एवढं सांगितलं तरी पुरे. चार वर्षं आजारी माणसांना मी त्या धुरात उभं केलं, आणि मला पत्ता नाही. ज्यानं हे केलं तो समोर उभा! मला हात उचलावासा वाटला होता, खोटं कशाला बोलू. दादा खाली मान घालून उभे होते. मालकानं सांगितलं म्हणून केलं, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. मी दमल्यावर ते म्हणाले, भाड्याचा बसवणार नाही. खरा बसवून देतो. गुरुवारच्या आत.

घरी येऊन मी हे सगळं तावातावानं बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिनं शांतपणे विचारलं, की ते काही बोलले नसते तर तुम्हाला कळलं असतं का? मी म्हणालो, प्रश्न तो नाही. ती म्हणाली, मग कुठला आहे? मी कपडे बदलायला आत गेलो.

पुढचे तीन दिवस दादा भंगारवाल्यांकडं हिंडत होते. माझ्या गाडीच्या मापाचा, आतून धड असलेला फिल्टर हवा होता. मी रोज फोन करायचो आणि रोज तडकायचो. ते म्हणायचे, बघतोय. शनिवारी म्हणाले, मिळाला. कुठून, विचारलं तर म्हणाले, एका ओळखीच्याकडून. रविवारी मी गाडी घेऊन गेलो. त्यांनी तो पोकळ डबा काढला, माझ्यासमोर धरून आतून दाखवला. नुसतं नळकांडं. मग दुसरा डबा दाखवला, आत बारीक चौकटींची जाळी, मातीची भाजलेली, अगदी मधाच्या पोळ्यासारखी. धूर ह्यातून गाळून जातो, ते म्हणाले. सगळा दिवस गेला. शेवटी लॅपटॉप जोडला. फिल्टर काढताना त्यांनी गाडीच्या कॉम्प्युटरला शिकवून ठेवलं होतं की ह्याबद्दल काही विचारायचं नाही, दिवा लावायचा नाही. ते सगळं त्यांनी पुसलं. पैशाचं विचारलं तर ऐकूच न आल्यासारखं करून पाने-पक्कड गोळा करत बसले.

सोमवारी मी खुशीत निघालो. दाराशी इंजिन सुरू करताना मागं धूर नाही, वास नाही. आत्याच्याही लक्षात आलं. आणि संध्याकाळी शेवटच्या माणसाला सोडून येताना समोर पिवळा दिवा लागला. फिल्टरचा दिवा.

दादांना फोन करून मी पुन्हा नको ते बोललो. गुरुवार तीन दिवसांवर आला होता. मंगळवारी त्यांनी गाडी तपासली. फिल्टर भरत आलाय म्हणाले, पण एका दिवसात इतका कसा भरला? डबा भरत आला की इंजिन स्वतःच आतला ताप वाढवून काजळी जाळून टाकतं, त्याची गाडीतच सोय असते. ते का होत नाही, ते त्यांना उमगेना. शेवटी म्हणाले, उद्या तुझ्याबरोबर येतो. तू दिवसभर काय करतोस ते मला बघू दे.

बुधवारी सकाळी ते सायकलवर आले. तेवढ्या लांबून. पिकअप कुठं आहे म्हटलं तर म्हणाले, पोट वाढलंय, जरा व्यायाम. त्यांचं पोट! पट्ट्याला शेवटचं भोक पुरत नाही, आणि हे पोट कमी करायला निघालेले.

आत्यानं त्यांना शेजारी बसवून घेतलं आणि पहिल्या दोन दारांतच त्यांची सगळी माहिती काढली. मुलं किती, बायको काय करते, भुवया कुठं गेल्या. मी तिला इतकंच सांगितलं होतं की ह्यांनी गाडी दुरुस्त केली. तिनं त्यांचे आभार मानले, चांगले तोंड भरून, मागच्या लोकांनाही सांगितलं, ह्यांच्यामुळं धूर गेला बघा. सगळ्यांनी मान हलवली. मागच्या बाकावरच्या पोस्टमास्तरांनी तर हात जोडले. मी आरशातून बघत होतो. दादांना कुठं बघावं कळत नव्हतं.

तिसऱ्या दाराशी मी इंजिन बंद केलं आणि खाली उतरलो. परत आलो तर दादा खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाले, इंजिन का बंद केलंस? मी म्हणालो, नेहमीच करतो, धुरानं ह्यांना त्रास होतो म्हणून. आता धूर नाही, पण हाताला सवय लागलेली. चौथ्या, पाचव्या, सहाव्या दाराशीही मी किल्ली फिरवली आणि ते नुसते बघत राहिले. केंद्रावर सगळ्यांना उतरवून मी परत आलो तर ते पुढच्या सीटवर येऊन बसले होते. म्हणाले, बाहेरच्या रस्त्याला घे. आणि मी सांगेपर्यंत थांबू नकोस.

शहराला वळसा घालून जाणारा मोठा रस्ता आहे, सिग्नल नाहीत. मी गाडीला वेग दिला. दहाएक मिनिटांनी दादा म्हणाले, लागलं बघ जळायला, आणि मला गरम लोखंडासारखा वास आला. मग त्यांनी समजावलं. काजळी जळायला इंजिन सलग वीस-पंचवीस मिनिटं तापलेलं लागतं. माझी गाडी जाळायला सुरुवात करायची आणि मी पुढच्या दाराशी किल्ली फिरवायचो. चुलीवर दूध ठेवायचं, उकळी यायच्या आत उतरवायचं, परत ठेवायचं, असं दिवसभर.

"आणि तुला ही सवय लागली ती मी जाळी काढली म्हणून," ते म्हणाले. "धूर माझा. बंद तू करत होतास."

मी विषय बदलला, सायकलीचा काढला. विषय बदलायला मी नेमकं तेच काढावं! म्हणालो, खरं सांगा, पिकअप कुठं आहे? ते म्हणाले, शेडमध्ये. चालत नाही? चालते. मग? ते रस्त्याकडं बघत राहिले. त्यांची पिकअप आणि माझी व्हॅन एकाच कंपनीच्या, एकाच इंजिनाच्या, हे मला तेव्हा आठवलं. आधी आठवायला काय झालं होतं?

मी पाय ब्रेकवर नेला. मला गाडी बाजूला घेऊन ह्या माणसावर ओरडायचं होतं, की स्वतःच्या पोटावर पाय देऊन असलं कुणी करतं का. दादाच ओरडले.

"थांबू नकोस! जळतंय."

म्हणजे ज्या माणसाला मी आठवडाभर शिव्या घातल्या, त्याच्या शेजारी बसून मला तासाला सत्तरच्या वेगानं सरळ जावं लागत होतं आणि थांबता येत नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मला पुसताही येईनात. मी नुसतं विचारलं, की मला का सांगितलंत? गप्प बसला असतात तर जन्मात कळलं नसतं.

तेव्हा त्यांनी तपासणीवाल्या बाईंचं सांगितलं. पूर्वी लोक यायचे, म्हणायचे फिल्टर सारखा भरतो, काढून टाका, आणि दादा काढून द्यायचे. कुणाला नाही म्हणायचं नाही ना. किती काढले, मोजले नाहीत. त्यांचा जोड इतका साफ की कुणी ओळखायचं नाही. दोन वर्षांपूर्वी त्या बाई एका गाडीचा डबा घेऊन शेडमध्ये आल्या. दादांना वाटलं पकडलं. पण त्या पकडायला आल्याच नव्हत्या. त्यांनी जोडावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, मी वीस वर्षं हे काम करते, इतकं सुंदर वेल्डिंग पाहिलं नाही. कुणाचं आहे ते माहीत करून घ्यायला आले होते. मग डबा टेबलावर ठेवला आणि निघून गेल्या. रागावल्या नाहीत, धमकी नाही, काही नाही.

"शिव्या दिल्या असत्या तर विसरलो असतो," दादा म्हणाले. त्यानंतर त्यांनी एकही फिल्टर काढला नाही. आणि काढलेल्या गाड्यांतली एखादी परत दाराशी आली तर कबूल करायचं आणि भरून द्यायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. माझी अकरावी. बाकी दहांना भंगारात फिल्टर मिळाले होते. माझ्यासाठी मिळाला नाही, म्हणून स्वतःच्या पिकअपचा काढला, आणि फिल्टरशिवाय धूर सोडत ती चालवायची नाही, म्हणून सायकल.

अर्ध्या वाटेवर दिवा विझला.

दुपारी सगळ्यांना घ्यायला गेलो तर आत्यानं पहिल्यांदा गाडीकडं बघितलं. चाकांना लाल माती होती. कुठं गेला होतात? मी सांगितलं, फिल्टर जाळायला बाहेरच्या रस्त्याला जावं लागतं, आठवड्यातून एकदा तरी. झालं! आम्ही मशीनला जखडून पडायचं आणि तुम्ही दोघं फिरायला? पोस्टमास्तर म्हणाले, तो रस्ता तळ्यावरून जातो, मी तिकडं सहा वर्षांत गेलो नाही. सगळेच बोलायला लागले. शेवटी ठरलं, की दर शुक्रवारी सकाळी तास लवकर निघायचं, सगळ्यांना घेऊन तळ्याच्या बाजूनं फेरी मारायची आणि मग केंद्रावर. जाळायचंच आहे तर आम्हाला घेऊन जाळ, असं आत्याचं म्हणणं. आणि ह्यांनाही आणायचं, तिनं दादांकडं बोट करून सांगितलं.

गुरुवारी मी गाडी तपासणीला लावली. बाईंनी फडकं घातलं, पांढरं निघालं. यंत्र लावलं. आकडा मर्यादेच्या इतका खाली, की बाईंनी चष्मा लावून परत वाचला. त्यांनी दाखल्यावर सही केली आणि मी पहिल्यांदा त्यांच्याशी हळू आवाजात बोललो. आभार मानले. त्यांना जरा धक्का बसला असावा.

दादा फाटकाबाहेर सायकल धरून उभे होते. आत आले नव्हते. मी दाखला त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, गाडीचा नंबरसुद्धा जुळवून पाहिला. मी त्यांचा हात धरला आणि सोडलाच नाही. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते त्या फाटकापाशी मला कळलं, आणि तो ह्या माणसामुळं पडला होता.

दादांनी हात सोडवून घेतला. "तुझ्या आत्याबाईंना सांग मी कोण ते," ते म्हणाले. "सगळ्यांना सांग. त्यांचे आभार माझ्याच्यानं पचत नाहीत. सांगितल्याशिवाय मी त्या गाडीत बसणार नाही."

मी म्हणालो, जाऊ द्या ना, आता कशाला. ते सायकलवर बसून निघून गेले.

संध्याकाळी मी आत्याला सांगितलं. आधी दाखला दाखवला, मग सांगितलं. ती ऐकत राहिली. तिचा राग मला माहीत आहे, माझ्याकडं तिच्याकडूनच आलेला आहे, म्हणून मी दाराजवळच बसलो होतो. पण ती ओरडली नाही. तिनं फक्त विचारलं, "म्हणजे चार वर्षं तो खोकला माझा नव्हता?" मी म्हणालो, थोडा असेल, सगळा नाही. ती भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. मी पिकअपचं, सायकलीचं, बाईंचं सगळं तिच्या पाठीला सांगितलं. ऐकलं की नाही, कळलं नाही. जेवायला उठली नाही.

शुक्रवारी सकाळी मी तिला पाठीवर घेऊन उतरलो. चार मजले, एक सूचना नाही. बाकीच्या सहांना मी एकेक करून घेतलं आणि गाडी भरल्यावर सगळ्यांना सांगून टाकलं, जसं दादांनी सांगितलं होतं तसं. पोस्टमास्तर नुसतं "अरेरे" म्हणाले, ते कशाला ते मला कळलं नाही. रात्री फोनवर ठरल्याप्रमाणे दादा कोपऱ्यावर उभे राहणार होते. कोपऱ्यावर कुणी नव्हतं. मी दोन मिनिटं वाट पाहून गाडी पुढं काढली.

"तो वेल्डर कुठाय?" आत्यानं विचारलं. कालपासूनचं तिचं पहिलं वाक्य.

मी म्हणालो, आला नाही. लाज वाटत असेल.

"लाज गाडीत बसून वाटत नाही का? वळव."

वळवली. त्या गल्लीत माझी व्हॅन जेमतेम शिरते. दादा शेडच्या दारात उकिडवे बसून कसला तरी पाइप घासत होते. मागं पिकअप विटांवर चढवलेली, पोटाखालची जागा रिकामी. गाडी बघून ते उभे राहिले आणि तिथंच थांबले. सातजण खिडक्यांतून त्यांच्याकडं बघत होते आणि ते सातजणांकडं. मी उतरावं की नाही ह्या विचारात होतो, तेवढ्यात आत्यानं काच खाली केली. तिनं आधी विटांवरच्या पिकअपकडं पाहिलं, चांगलं निरखून, मग त्यांच्याकडं.

"बसा लवकर," ती म्हणाली. "आम्हाला तळंही बघायचंय आणि मशीनवरही वेळेत पोचायचंय. तुमची समजूत काढायला आमच्याकडं वेळ नाही."

दादांनी पाइप खाली ठेवला. हात पुसले, परत पुसले, तसेच दारात उभे. आत्यानं शेजारच्या सीटवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जरा आत सरकली.